बोईसरचा फिटर शांघायला जाऊ शकतो का? कौशल्य स्पर्धांचं गणित समजून घ्या

ऑलिम्पिक सगळ्यांना माहीत आहे. पण वेल्डिंग, प्लंबिंग, इलेक्ट्रिक वायरिंग, केक बनवणं यांचंही एक 'ऑलिम्पिक' असतं, हे किती जणांना माहीत आहे?

त्याचं नाव वर्ल्डस्किल्स. दर दोन वर्षांनी होणाऱ्या या स्पर्धेत २०२४ साली फ्रान्समधल्या ल्योंमध्ये भारताने ४ कांस्यपदकं मिळवली. २०२६ चं यजमानपद शांघायकडे आहे.

निवड कशी होते?

भारतात 'इंडियास्किल्स' ही स्पर्धा केंद्राच्या कौशल्य विकास मंत्रालयामार्फत होते. जिल्हा आणि राज्य पातळी पार करून देशपातळीवर जिंकणाऱ्यांमधून भारताचा संघ ठरतो. मार्कशीट इथे कामाची नाही. ठरलेल्या वेळेत काम करून दाखवायचं, आणि मापात किती अचूक, किती सुरक्षित, यावर गुण.

अट वयाची. बहुतेक प्रकारांत स्पर्धेच्या वर्षी वय २२ पेक्षा जास्त चालत नाही, मोजक्या प्रकारांत २५ चालतं. दहावीनंतर आयटीआयचा दोन वर्षांचा ट्रेड केलेल्या मुलाच्या हातात जेमतेम चार वर्षं उरतात.

पालघरचा काय संबंध?

बोईसरला तारापूर एमआयडीसी आहे. रसायनं, औषधं, कापड, स्टील असे सगळे उद्योग. शेजारी १९६९ पासून सुरू असलेला अणुऊर्जा प्रकल्प. बुलेट ट्रेनचं स्टेशन बोईसरला होतंय आणि डहाणूजवळ वाढवण बंदराचं भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ ला झालं. बंदराला मच्छीमारांचा विरोध आहे. 'नोकऱ्या स्थानिकांना मिळतील' हे आश्वासनही आहे. पण क्रेन चालवणारा, वेल्डर, ऑपरेटर स्थानिक हवा असेल, तर तो आधी तयार व्हायला हवा.

२०१९ मध्ये रशियातल्या कझानला भारताने या स्पर्धेतलं पहिलं सुवर्ण जिंकलं, ते 'वॉटर टेक्नॉलॉजी'त, म्हणजे पाणी आणि सांडपाण्याच्या प्रक्रियेत. तारापूरच्या सांडपाण्याविरोधात इथल्या मांगेला समाजाची परिषद राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेली आहे. जगात ज्या कौशल्याला सुवर्ण मिळतं, त्याची गरज इथल्या खाडीकाठाला रोज आहे.

सुरक्षेचंही तसंच. २१ ऑगस्ट २०२५ ला बोईसरच्या एका औषध कारखान्यात वायुगळती होऊन चार कामगारांचा जीव गेला. सुरक्षेची जबाबदारी आधी कंपनीची, यात वाद नाही. पण धोका ओळखून 'हे काम असं करणार नाही' म्हणायचं बळ चांगल्या प्रशिक्षणातूनच येतं.

मग अडतं कुठे?

अमेरिकेत 'स्किल्सयूएसए' ही तांत्रिक शिक्षण घेणाऱ्यांची विद्यार्थी संघटना १९६५ पासून आहे. शाळाशाळांत तिच्या शाखा, वर्षभर सराव, मग स्पर्धा. आपल्याकडे विद्यार्थी संघटना म्हटलं की मोर्चे आणि निवडणुकाच आठवतात.

दुसरी अडचण पोटाची. जव्हार, मोखाडा, विक्रमगड तालुक्यांत रेल्वे नाही. तिथला आदिवासी मुलगा सरावासाठी काही महिने थांबला, तर घरात येणारा पगार थांबतो.

वाट कुठली?

एक वाट कायद्यातच आहे. ३० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. २०० कामगारांच्या कारखान्यात हा आकडा किमान ५, जास्तीत जास्त ३०. त्यांना विद्यावेतन मिळतं. म्हणजे कंपनीचं मशीन, आयटीआयचा निदेशक आणि उमेदवाराचं विद्यावेतन एकत्र आलं, तर पगार न बुडवता सराव होऊ शकतो.

पदक एखाद्यालाच मिळेल. पण त्या तयारीत हात बसलेले बाकीचे पन्नास जण तारापूरच्याच कारखान्यांत कामाला लागतील. जिल्ह्याची खरी कमाई तीच.