झाकल्या मुठीचा व्यवहार

पंचवीस-तीस वर्षे राहते असलेले घर विकावयास काढले म्हणजे मध्यमवर्गीय कुटुंबात पहिले पाऊल पडते ते रंगकामाचे. भिंतींच्या भेगा लांबीने भरल्या जातात, स्नानगृहाच्या छताचे सुटलेले पापुद्रे खरवडून त्यावर पांढरा हात फिरविला जातो. त्याआधी एखाद्या अभियंत्याकडून घराची रीतसर तपासणी करून घ्यावी, असे सहसा कोणास सुचत नाही. आणि सुचलेच, तर घरातील वडीलधारी मंडळी 'झाकली मूठ सव्वा लाखाची' म्हणून तो विचार तेथेच मिटवितात. ही म्हण इतरत्र शहाणपणाची असेल. घराच्या विक्रीत मात्र ती विकणाऱ्याच्याही हिताची नाही.

विकणाऱ्याची भीती समजण्याजोगी आहे. तपासणीत दोष निघाला, तर दुरुस्तीचा खर्च तरी सोसावा लागतो किंवा किंमत तरी उतरवावी लागते. त्यात कायद्याची रचनाही या भीतीस पोषक ठरते. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे ५५ वे कलम असे सांगते की, जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्यास ठाऊक आहे, परंतु घेणाऱ्यास ठाऊक नाही आणि सर्वसाधारण काळजी घेऊनही त्याच्या ध्यानात येण्याजोगा नाही, तो विकणाऱ्याने उघड केला पाहिजे. न केल्यास ती फसवणूक होय. म्हणजे जबाबदारी येते ती ठाऊक असल्यामुळे. ज्याने पाहिलेच नाही, त्याच्यावर सांगण्याचे बंधनही नाही. अज्ञानाला दिलेले हे एक प्रकारचे बक्षीसच म्हटले पाहिजे.

परंतु हे अज्ञान खरे किती असते? ज्या घरात माणसाने तीस पावसाळे काढले, त्या घराची कोणती भिंत आषाढात ओली होते, हे त्याला दुसऱ्याने सांगावे लागत नाही. रंग फेब्रुवारीत लागतो, करार एप्रिलमध्ये होतो आणि जुलैत भिंत पुन्हा फुगते. तोवर घेणाऱ्याने भविष्यनिर्वाह निधीतील रक्कम काढलेली असते आणि वीस वर्षांचे हप्ते डोक्यावर घेतलेले असतात. कर्ज देणारी बँक आपला मूल्यमापक पाठविते हे खरे. पण तो पाहतो ते बँकेच्या तारणाची किंमत, घेणाऱ्याच्या डोक्यावरचे छत नव्हे. अशा वेळी भांडण न्यायालयात गेले, तर गळतीबद्दल गृहनिर्माण संस्थेकडे विकणाऱ्यानेच दिलेले जुने अर्ज त्याच्याविरुद्ध साक्ष देतात. झाकलेली मूठ अशी उघडी पडते.

काही दोष मात्र राहणाऱ्यासही खरोखर दिसत नाहीत. काँक्रीटमधील सळई गंजली की ती फुगते; तिच्यावरचे आवरण आतून सुटू लागते आणि बाहेर केवळ केसाएवढी चीर दिसते. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत ही क्रिया अधिक वेगाने घडते. तेथे हातोडीने ठोकून येणारा पोकळ आवाज ओळखणारा कान आणि काँक्रीटचा कस पाहणारी उपकरणे लागतात. खोली मोठी करण्यासाठी पूर्वी कोणी तुळई वा खांब छेडला असेल, तर त्याचा परिणाम त्या एका घरापुरता राहत नाही. घाटकोपर येथे जुलै २०१७ मध्ये इमारत कोसळून १७ माणसे दगावली, तेव्हा तळमजल्यावरील फेरबदलांत खांबांना धक्का लावल्याचाच आरोप झाला होता.

यावर असे म्हटले जाईल की, सदनिका विकणाऱ्याने सबंध इमारतीची तपासणी कशी करावी? ती त्याने करावयाची नाहीच. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची संरचना तपासणी दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीची दर तीन वर्षांनी संस्थेने करून घ्यावयाची असते. विकणाऱ्याने तो अहवाल मागून घ्यावा. तो नसेल, तर का नाही, हे सभासद या नात्याने सर्वसाधारण सभेत विचारावे. स्वतःपुरते त्याने गळती, नळ, सांडपाण्याचे मार्ग आणि विजेच्या तारा जाणत्या माणसाकडून पाहून घेतल्या तरी पुरे. इमारत पाडून नवी बांधण्याचे ठरलेच असेल, तर एवढाही खर्च व्यर्थ होय. कारण तेथे विकला जातो तो जुन्या भिंतींवरचा नव्हे, तर नव्या घरावरचा हक्क.

विकणाऱ्याने पैसे देऊन आणलेल्या अहवालावर विश्वास कोणी ठेवावा, हा दुसरा आक्षेप. तो रास्त आहे. म्हणूनच अशा अहवालाने घेणाऱ्याच्या स्वतंत्र तपासणीची वाट अडवू नये, तिला आरंभबिंदू द्यावा. स्कॉटलंडमध्ये डिसेंबर २००८ पासून घर विक्रीस काढतानाच पात्र सर्वेक्षकाचा अहवाल तयार ठेवणे बहुतेक विकणाऱ्यांवर बंधनकारक आहे. आपल्याकडे स्थावर संपदाविषयक २०१६ च्या कायद्याने नव्या इमारतीतील बांधकामाच्या दोषांबद्दल विकासकास ताबा दिल्यापासून पाच वर्षे जबाबदार धरले. जुन्या घरांच्या खरेदी-विक्रीस मात्र असा आधार नाही. निदान संस्थेचा शेवटचा तपासणी अहवाल विक्रीकराराला जोडण्याची सक्ती करण्यास फारसा खर्च येणार नाही.

ती सक्ती होईपर्यंत निर्णय विकणाऱ्याच्या विवेकावरच राहणार. दोष आधी कळला, तर तो सवडीने दुरुस्त करता येतो किंवा सांगून किंमत ठरविता येते. इसार घेतल्यावर कळला, तर व्यवहारही मोडतो आणि शब्दही जातो. शिवाय आज घर विकणारा शिक्षक वा कारकून बहुधा उद्या दुसरीकडे जुनेच घर घेणारा असतो. तेथल्या मालकाने आपणास जे सांगावे अशी त्याची अपेक्षा असेल, तेच त्याने आज आपल्या घराविषयी सांगावे. त्यासाठी ते आधी स्वतः जाणून घ्यावे, एवढाच या तपासणीचा अर्थ आहे.