जिप्समच्या गोण्या टाकण्याआधी हिशोब करा

मंडळी, जरा स्पष्ट बोलतो. आपल्या डाळज-भिगवण पट्ट्यात उजनीचं पाणी आहे, ऊस आहे. पण जिथं पाणी जास्त आणि निचरा कमी, तिथं रान चोपण होतं. मग सल्ला ठरलेला: "एकरी पाच गोण्या जिप्सम टाका." रान कुणाचंही असो, आकडा तोच. माझा आक्षेप या आकड्याला आहे.

अकरावीच्या केमिस्ट्रीत पोरांना लिमिटिंग रिएजंट शिकवतात. दोन पदार्थांपैकी जो आधी संपतो, तो किती माल तयार होणार ते ठरवतो. दुसरा नुसता पडून राहतो. रानातही हेच होतं. जिप्सममधलं कॅल्शियम मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमची जागा घेतं. १७२ किलो शुद्ध जिप्सम जास्तीत जास्त ४६ किलो सोडियम सोडवतं आणि त्यातून १४२ किलो सोडियम सल्फेट तयार होतं.

आता पाच गोण्या, म्हणजे २५० किलो. सोडियम सुटणार फार तर ६७ किलो. समजा, एकरातून ५०० किलो काढायचंय, तर जिप्सम लागणार १,८७० किलो. पाच गोण्यांत काय होणार? उलट चिकटलेलं सोडियम २० किलोच असेल, तर ७५ किलोत काम भागतं. उरलेल्या साडेतीन गोण्यांचे पैसे वाया.

पुढची गोष्ट कुणी सांगतच नाही. त्या २५० किलोतून २०६ किलोपर्यंत सोडियम सल्फेट तयार होतं, ते जाणार कुठं? ते पाण्यात विरघळतं, पण पाण्याला रानाबाहेर जायला वाट पाहिजे ना! चारी बुजलेली, ओढा अडवलेला असेल तर मीठ रानातच राहतं. आणि चारी एकट्याची नसते. माझं पाणी खालच्याच्या बांधावरूनच पुढं जाणार. म्हणून हा प्रश्न गावाचा आहे.

तेव्हा दोन गोष्टी करू. जिप्सम घेण्याआधी माती तपासा. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात सोय आहे. तिथं नुसता सामू विचारून परत येऊ नका, एकरी जिप्सम किती लागेल तो आकडा मागा. आणि येत्या ग्रामसभेत चाऱ्या-ओढे मोकळे करण्याचा ठराव मांडू. त्याशिवाय गोण्यांवर पैसे घालण्यात अर्थ नाही.

तुमच्या शिवारात कुठली चारी बुजलीय, खाली लिहा. यादी करून ग्रामसभेत ठेवू.