विचारांची उलटतपासणी

‘फार विचार करू नकोस’ हा सल्ला आपल्याकडे घरोघरी मायेने दिला जातो. त्याचा उपयोग मात्र क्वचितच होतो, कारण दडपलेला विचार दुप्पट जोराने उसळतो. ‘सकारात्मक राहा’ हा उपदेशही दुःखी माणसाला परका वाटतो. नकारात्मक विचार हाकलण्यापेक्षा त्यांची उलटतपासणी करणे अधिक हिताचे आहे.

न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी फ्रॉइडप्रणीत मनोविश्लेषणाची वाट सोडून १९५५च्या सुमारास जी उपचारपद्धती मांडली, तिचा गाभा हाच आहे. घटना आणि तिच्यामुळे होणारा त्रास यांच्यामध्ये आपली धारणा उभी असते. घटना बदलणे नेहमीच हातात नसते. धारणा मात्र तपासता येते. एलिस यांच्याशी दीर्घ पत्रव्यवहार असलेल्या मुंबईच्या कि. मो. फडके यांनी ही विवेकनिष्ठ पद्धती महाराष्ट्रात रुजवली.

बारावीत ५८ टक्के मिळालेल्या मुलाचे उदाहरण घेऊ. ‘मला कमी गुण मिळाले’ ही घटना. ‘मी अपयशी आहे, आता सगळे संपले’ ही धारणा. जेवण नको, मित्रांचे फोन नकोत, हा परिणाम. त्याने हे तीन रकान्यांत लिहून काढावे आणि मधल्या रकान्याला प्रश्न विचारावेत. याला पुरावा काय? एका परीक्षेवरून सबंध माणसाची किंमत ठरते का? हाच निकाल मित्राचा असता, तर मी त्याला असेच म्हणालो असतो का? उत्तरे लिहिल्यावरही वाईट वाटेलच, आणि ते स्वाभाविक आहे. पण खचून जाणे आणि वाईट वाटणे यांत फरक आहे. वाईट वाटणारा मुलगा दुसऱ्या दिवशी प्रवेशअर्जाची चौकशी करायला निघू शकतो.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. कर्ज, बेरोजगारी किंवा घरातला छळ नुसता विचार बदलून संपत नाही. अशा माणसालाच दोष देणे अन्यायाचे ठरेल. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, झोप आणि भूक हरपली, तर डॉक्टरांकडे जायला हवे. जीव नकोसा वाटू लागला, तर एक दिवसही थांबू नये. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे.

विचार तपासणे हे कौशल्य आहे आणि ते सरावानेच अंगवळणी पडते. संकट कोसळल्यावर ते शिकणे अवघड जाते. म्हणून शाळांच्या वेळापत्रकात व्यायामाइतकेच हक्काचे स्थान त्याला मिळाले पाहिजे, आणि त्यासाठी आधी शिक्षकांना प्रशिक्षण मिळाले पाहिजे.