हिमभूमीवरील अधिकारपत्र

जेथे शेत पिकत नाही, कायमची मानवी वस्ती नाही आणि हिवाळ्यात आठवडेच्या आठवडे सूर्यदर्शन होत नाही, त्या अंटार्क्टिकावर राष्ट्रे कोट्यवधींचा खर्च का करतात? घरच्या गरजा भागलेल्या नसताना हा खटाटोप कशाला, असा प्रश्न सामान्य करदात्याला पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर केवळ ज्ञानजिज्ञासेत शोधले, तर ते अर्धेच हाती लागेल.

१ डिसेंबर १९५९ रोजी १२ राष्ट्रांनी अंटार्क्टिक करारावर स्वाक्षऱ्या केल्या. ब्रिटन, फ्रान्स, नॉर्वे, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, अर्जेंटिना व चिली या सात देशांचे तेथील भूभागावरील दावे कराराने मान्य केले नाहीत, रद्दही केले नाहीत; ते गोठवले. लष्करी तळांना बंदी घातली, संशोधनाला मोकळीक दिली. मात्र नंतर येणाऱ्या राष्ट्राला निर्णयात मत हवे असेल, तर त्याने तेथे भरीव संशोधन करून दाखवावे, अशी अट घातली. या खंडावर विज्ञान हेच अधिकारपत्र आहे.

भारताने हे मर्म वेळीच ओळखले. डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखालील पहिली मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघाली आणि जानेवारी १९८२ मध्ये अंटार्क्टिकावर उतरली. ऑगस्ट १९८३ मध्ये भारत करारात सामील झाला आणि सप्टेंबरमध्ये त्याला मताधिकारही मिळाला. पुढे उभारलेले ‘दक्षिण गंगोत्री’ बर्फाखाली गाडले गेले. पण भारताने माघार घेतली नाही. १९८९ मध्ये ‘मैत्री’, २०१२ मध्ये ‘भारती’ आणि उत्तर ध्रुव प्रदेशात २००८ मध्ये ‘हिमाद्री’ ही केंद्रे सुरू झाली. या कार्याची सूत्रे गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय संस्थेतून हलतात.

या संशोधनाचे मोल जगाने अनुभवले आहे. अंटार्क्टिकावर वर्षानुवर्षे चिकाटीने घेतलेल्या नोंदींतूनच ब्रिटिश शास्त्रज्ञांना १९८५ मध्ये ओझोनच्या थराला पडलेले खिंडार उमगले आणि दोनच वर्षांत माँट्रियल करार झाला. तेथील बर्फात आठ लाख वर्षांच्या हवामानाचा इतिहास साठलेला आहे. तो बर्फ वितळला तर समुद्र किती चढेल, हा प्रश्न मुंबई आणि कोकण किनाऱ्याच्या भवितव्याचा आहे.

खनिजांचे काय? १९९१ च्या माद्रिद मसुद्याने त्यांच्या उत्खननावर बंदी घातली. ही बंदी २०४८ मध्ये आपोआप संपणार नाही. परंतु त्यानंतर कोणतेही मताधिकारी राष्ट्र फेरविचाराची मागणी करू शकेल. त्या बैठकीत ज्याचे कार्य मोठे, त्याच्या शब्दाला वजन राहील. चीनने आपले पहिले केंद्र १९८५ मध्ये उभारले आणि पाचवे फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू केले. त्याच्याजवळ स्वतःची हिमभेदक जहाजे आहेत. भारताच्या मोहिमा मात्र चार दशके परदेशांकडून भाड्याने घेतलेल्या जहाजांवरच विसंबून राहिल्या.

२०२२ मध्ये भारताने अंटार्क्टिकासाठी स्वतंत्र कायदा केला, हे योग्यच झाले. पण कायदा बर्फ फोडत नाही. स्वदेशी ध्रुवीय जहाज, जुन्या झालेल्या ‘मैत्री’ला समर्थ पर्याय आणि या क्षेत्राकडे वळणारे तरुण संशोधक, या तिन्हींची आज निकड आहे. १९८१ च्या दूरदृष्टीने मिळवलेले स्थान केवळ पूर्वपुण्याईवर टिकणार नाही. ते प्रत्येक पिढीला नव्याने कमवावे लागेल.