कारखाना नाही, घराणं नाही, तरी आबा उपमुख्यमंत्री कसे झाले?

निवडणुकीचं वारं सुटलं की चौकाचौकात 'भावी सदस्य' लिहिलेले फ्लेक्स लागतात. वर नेत्याचा मोठा फोटो, खाली गॉगल घातलेली पोरं. आता रील पण निघतात. यातल्या बऱ्याच जणांच्या तोंडी आर. आर. आबांचं नाव असतं. साध्या घरातला माणूस उपमुख्यमंत्री झाला, मग आपण का नाही? उदाहरण बरोबर आहे, पण अर्धंच सांगितलं जातं.

तासगाव तालुक्यातलं अंजनी हे आबांचं गाव. सांगलीत 'कमवा आणि शिका' योजनेतून काम करत त्यांनी शिक्षण घेतलं. १९७९ ला जिल्हा परिषदेत गेले आणि आमदार झाले १९९० ला. मधली अकरा वर्षं जिल्हा परिषदेतच गेली. पाणीयोजनेची फाईल कोणत्या टेबलावर अडते, शाळाखोलीचा निधी कुठं मुरतो, हे तिथंच कळतं. फ्लेक्सवाल्यांना नेमकी हीच अकरा वर्षं नको असतात.

हात देणारेही मिळाले. जिल्ह्यात वसंतदादांचा शब्द चालायचा, त्या काळात आबा पुढं आले. पुढं १९९९ ला शरद पवारांनी राष्ट्रवादी काढली, आबा त्यांच्यासोबत गेले आणि ग्रामविकास खातं मिळालं. २००० साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. सरकारनं बक्षीस ठेवलं, झाडू मात्र गावानं हातात घेतला. आबा गावोगाव फिरले, पारावरच्या भाषेत बोलले. साधेपणाची प्रतिमा तयार झाली ती इथं. पोस्टर लावून नाही, लोकांच्या घामावर.

२००४ ला राष्ट्रवादीच्या ७१ जागा आल्या, काँग्रेसच्या ६९. तरी मुख्यमंत्रिपद काँग्रेसकडं राहिलं आणि राष्ट्रवादीकडून उपमुख्यमंत्री झाले आबा. पक्षात मोठमोठे कारखानदार असताना हे कसं काय? आबांच्या पाठीशी ना साखर कारखाना होता, ना स्वतःचा आमदारांचा गट. अशा माणसाची वरच्या नेत्याला भीती नसते. साधेपणा मतदाराला आवडला तसा तो श्रेष्ठींनाही सोयीचा होता, असं मानायला जागा आहे. यात आबांची लायकी कमी होत नाही, पण हिशोब तोही होता.

ज्या जिभेनं वर नेलं, तिनंच घात केला. २६ नोव्हेंबरच्या मुंबई हल्ल्यानंतर, मोठ्या शहरात अशा छोट्या घटना होतात, अशा अर्थाचं हिंदी वाक्य गृहमंत्री असलेले आबा बोलून गेले. माणसं मेलेली असताना ते कुणालाच पटण्यासारखं नव्हतं. डिसेंबर २००८ मध्ये पद सोडावं लागलं. गावच्या सभेत एखादा शब्द इकडंतिकडं झाला तर लोक सांभाळून घेतात, टीव्हीचा कॅमेरा घेत नाही. तासगावनं मात्र २००९ ला परत निवडून दिलं आणि गृहखातंही परत मिळालं.

फेब्रुवारी २०१५ मध्ये आबा गेले. त्यानंतर सुमनताई दोनदा आमदार झाल्या आणि २०२४ ला मुलगा रोहित पंचविशीत विधानसभेत पोचला. तो बोलतोही चांगला. पण बापाला जे नाव अकरा वर्षं घासून कमवावं लागलं, ते त्याला घरातच मिळालं. आज त्याच तालुक्यातला बिननावाचा पोरगा जिल्हा परिषदेचं तिकीट मागायला गेला, तर पहिला प्रश्न येतो, खर्च किती करणार?