फोटो विका, पण विचारून



परवा मंडळात स्वाध्याय संपल्यावर एकीनं हळूच विचारलं, "ताई, मोबाईलवर काढलेले फोटो विकून पैसे मिळतात म्हणे. खरं का?" खरं आहे. मी दीड वर्ष ते करते आहे. पण तिला चालता चालता उत्तर देता आलं नाही, म्हणून इथे लिहिते.

आधी हिशोब. शटरस्टॉक, अ‍ॅडॉबी स्टॉक अशा संकेतस्थळांवर आपण फोटो ठेवायचे आणि ज्याला लागेल त्यानं वापरायचा परवाना घ्यायचा. फोटोची मालकी आपलीच राहते, म्हणून एकच फोटो अनेकदा विकला जातो. अ‍ॅडॉबी स्टॉक फोटोच्या विक्रीतला 33 टक्के वाटा देतं. शटरस्टॉकवर 2020 पासून नवख्यांचा वाटा 15 टक्क्यांपासून सुरू होतो आणि एका विक्रीचे कधी कधी फक्त 10 सेंट मिळतात. पहिले 25 डॉलर जमायला मला अकरा महिने लागले. तेव्हा नोकरीसारखा पगार कुणी मनात धरू नका. पण स्वतःच्या खात्यात स्वतःच्या कामाचे पैसे आले की काय वाटतं, ते तुम्हाला सांगायला नको.

फोटो कसले काढायचे? गुलाब आणि सूर्यास्त तिथे ढिगानं पडलेत. आपल्या घरात जे रोज घडतं, ते मात्र कमी दिसतं. अष्टद्रव्याचं ताट, दशलक्षण पर्वातली सकाळची लगबग, ऊन असतानाच वाढलेली संध्याकाळची पानं. एकदा मी 'जैन थाळी' म्हणून शोधलं, तर एका ताटात चक्क बटाट्याची भाजी होती! आपण आपलं चित्र दाखवलं नाही, तर दुसरं कुणी चुकीचं दाखवतं. फोटोखाली जे शब्द लिहितो, तेही सत्याणुव्रतातच येतात.

आता मुद्द्याचं. सासूबाई पाणी गाळत होत्या. दुहेरी फडकं, पितळी घागर, हातावरचं गोंदण. चेहरा नव्हता. तरी मी विचारलं. त्या म्हणाल्या, "घाल की. पण नुसतं पाणी गाळणं लिहू नकोस, जिवाणीचं लिही." म्हणजे गाळल्यावर फडक्यातले जीव पुन्हा जिथलं पाणी तिथे सोडणं. आपण पाणी फक्त स्वतःसाठी गाळत नाही, त्या जीवांसाठीही गाळतो. विचारलं नसतं, तर हे मी लिहिलंच नसतं.

माझ्याकडचा सगळ्यात सुंदर फोटो मात्र मी ठेवलेला नाही. आमच्याकडे चौका लागला होता, तेव्हाचा. आर्यिका माताजी आहार घेताहेत, ओंजळीवर खिडकीतून ऊन पडलंय. ओळखू येणाऱ्या व्यक्तीचा फोटो जाहिरातीसाठी विकायचा तर तिची सही लागते. बातमी-लेखांसाठीच्या एडिटोरियल विभागात ती बहुधा लागत नाही. म्हणजे नियमानं वाट मोकळी होती. पण ज्यांनी घर, नाव, केससुद्धा सोडले, त्यांच्या चेहऱ्यावर मी डॉलर मिळवायचे? आणि त्यांच्याकडे सही मागायची तरी कोणत्या तोंडानं? आपल्याकडे न दिलेलं घेणं म्हणजे चोरी. माताजींनी आहार घेतला, फोटो मला दिला नव्हता.

कुणी म्हणेल, मुनी-माताजींचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतातच, मग तुझ्यानं काय बिघडतं? फरक आहे. आपण दर्शनासाठी पाठवतो, ते भक्तीनं. विकलेला फोटो कुणाकडे जाईल आणि त्याच्या शेजारी काय छापलं जाईल, ते आपल्याला कळत नाही. दिगंबर मुनींची टवाळी करणारी चित्रं आपण सगळ्यांनी पाहिलीत. त्यात आपल्या हातचा एक फोटो असला, तर ते 10 सेंट पचतील का?

म्हणून माझं मत असं, की संकेतस्थळाचे नियम ही खालची पायरी आहे. आपली पायरी त्याहून वर हवी. मुनी-माताजींचे फोटो विकायचे नाहीत. मंदिरातले फोटो विश्वस्तांना, विकणार आहे हे स्पष्ट सांगून, परवानगी मिळाली तरच. घरच्या माणसांचे, अगदी लेकरांचेसुद्धा, त्यांना विचारून. लहानांच्या कागदावर आईबापांची सही लागते, पण मूल नको म्हणालं तर नकोच. राहिलं काय? ताट, घागर, दिवा, उन्हात वाळणारे पापड, आपले स्वतःचे हात. पुष्कळ आहे.

त्या मैत्रिणीला आता उत्तर देते: कर सुरू. खिडकीजवळच्या उजेडात, आधी मोबाईलची काच पुसून. पैसे सावकाश येतील. रात्री झोपताना एकही फोटो मनाला टोचू नये, एवढं बघ.

जय जिनेंद्र.