फास्टर फेणे पारोळ्याला कधी उतरणार?

रहस्यकथा म्हणजे टाइमपास, असं आपल्याकडे कोणीतरी कधीतरी ठरवून टाकलंय आणि आपण सगळे ते गपचूप मान्य करून बसलोय. प्रवासात वाचायची, उतरताना सीटवर विसरायची, आणि कोणी विचारलंच, "सध्या काय वाचतेस गं?" तर पटकन दुसरंच एखादं भारदस्त नाव सांगायचं! लायब्ररीच्या खरेदीच्या यादीतही तेच. थोरामोठ्यांची चरित्रं येतात, स्पर्धा परीक्षेची पुस्तकं येतात, व्यक्तिमत्त्व विकासाची तर पोत्याने येतात. डिटेक्टिव्हचं नाव लिहिलं की मात्र काउंटरच्या पलीकडून एक विशिष्ट हसू मिळतं. मला ते हसू अजिबात पटत नाही. तरुण मुलांसाठी चांगली रहस्यकथा लिहिणाऱ्या माणसाला आधी दांडगा वाचक असावं लागतं, असं माझं म्हणणं आहे. आणि आपल्यातल्या कितीतरी जणांना मराठी वाचायची गोडी लावायची असेल, तर ते काम याच पुस्तकांकडून होईल.

मी कॉन्व्हेंटची. आमच्या शाळेच्या लायब्ररीत एनिड ब्लायटनचे फेमस फाइव्ह होते (एकूण २१ पुस्तकं, १९४२ ते १९६३), हार्डी बॉईज होते आणि नॅन्सी ड्रू होती. मराठी हा विषय होता, आठवड्याचे तास होते, व्याकरणाचे मार्क होते. मराठीत मजेसाठी वाचायचं असतं हे कोणी सांगितलंच नाही. आपल्या ब्रँचला अशी मुलं-मुली थोडीथोडकी नाहीत. धडाधड मराठी बोलतात, पण मराठीचं पान समोर आलं की दम लागतो.

आता या नॅन्सी ड्रूची गंमत ऐका. मुखपृष्ठावर लेखिका म्हणून कॅरोलिन कीन हे नाव असतं ना, त्या नावाची बाई कधी अस्तित्वातच नव्हती! अमेरिकेत एडवर्ड स्ट्रेटमायर नावाच्या गृहस्थाने पुस्तकांचा जवळजवळ कारखानाच काढला होता. कथानकाचा आराखडा कारखान्याचा, लिहिणारे वेगळे, आणि नाव काल्पनिक. १९३० मध्ये आलेल्या पहिल्या पुस्तकांची खरी लेखिका होती मिल्ड्रेड वर्ट बेन्सन. पहिल्या ३० पैकी २३ पुस्तकं तिने लिहिली आणि करारामुळे कित्येक वर्षं तिचं नाव झाकलेलं राहिलं. पुढे ती वर्तमानपत्रात काम करायची, विमानही चालवायची. म्हणजे नायिकेपेक्षा लेखिकेचंच रहस्य मोठं!

मराठीत असला कारखाना नव्हता. इथे एकेक माणूसच कारखाना होता. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड, धनंजय-छोटू ही नावं आजही आजोबांच्या पिढीला विचारा, डोळे चमकतात. पण मला जास्त बोलायचंय ते भा. रा. भागवतांबद्दल, कारण ते आपल्या वयाच्या अलीकडल्या-पलीकडल्या वाचकासाठी लिहीत होते.

भास्कर रामचंद्र भागवत यांचा जन्म १९१० चा, इंदूरचा. मृत्यू २००१ मध्ये. घरात पत्नी लीलावतीबाई, त्याही मुलांसाठी लिहिणाऱ्या. भागवतांनी मुलांसाठी 'बालमित्र' नावाचं मासिक काढलं आणि चालवलं. मासिक चालवणं म्हणजे काय, हे या मॅगझिनच्या संपादक मंडळाला विचारा. वर्षातून एक अंक काढताना त्यांची काय अवस्था होते ते आपण बघतोच. तिथे तर दर महिन्याला अंक! गोष्ट आली नाही तर संपादकाने स्वतः बसून लिहायची.

आणि हा माणूस वाचत काय होता? ज्यूल व्हर्न, शेरलॉक होम्स. नुसतं वाचून ठेवून दिलं नाही, मराठीत आणलं. 'चंद्रावर स्वारी' हे त्यांनी आणलेलं व्हर्नचं पुस्तक. आता अनुवाद म्हणजे काय? माझ्या मते ते चक्क रिव्हर्स इंजिनिअरिंग आहे. वाचताना आपण दहा पानं सरसर ओलांडतो, अनुवाद करणाऱ्याला मात्र प्रत्येक स्क्रू काढून बघावा लागतो. ही खूण लेखकाने इथे का टाकली? हा माणूस तिसऱ्या प्रकरणात उगाच का येऊन गेला? वाचकाला कधी कळू द्यायचं आणि कधी लपवायचं? असं मशीन उघडून पुन्हा जोडलेल्या माणसाला स्वतःचं मशीन बनवता येतं. वर्कशॉपला आपण लेथ नुसता लांबून बघून शिकत नाही, तसंच हे. भागवतांनी बिपिन बुकलवार नावाचा एक पुस्तकवेडा नायकही रंगवला. आडनावातच बुक! वाचणारा मुलगा शूर असू शकतो, हे मराठीत इतक्या सरळ कोणी म्हटलेलं मला माहीत नाही.

पण भागवतांचं खरं पेटंट म्हणजे बनेश फेणे, ऊर्फ फास्टर फेणे. काटकुळा पोरगा, सायकल, आणि जिभेने काढलेला तो ट्टॉक असा आवाज. पुस्तकं वीस. १९८० च्या दशकात दूरदर्शनवर मालिका आली, त्यात सुमीत राघवन फेणे झाला होता. २०१७ मध्ये सिनेमा आला, अमेय वाघचा. त्यात फेणे मेडिकलची प्रवेश परीक्षा द्यायला पुण्याला येतो आणि परीक्षेच्या घोटाळ्यात शिरतो. एन्ट्रन्सच्या चरकातून पिळून निघालेल्या आपल्या पब्लिकला तो जवळचा वाटला नाही तरच नवल.

मला त्यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते त्याचं गाव. फुरसुंगी. व्हर्न आणि होम्स कोळून प्यायलेल्या माणसाने आपला नायक लंडनचा केला नाही, मुंबईचाही केला नाही. हडपसरच्या पुढचं एक साधं गाव घेतलं आणि महाराष्ट्रभरच्या पोरांना ते पाठ करायला लावलं. (नंतर हेच नाव पेपरात पुण्याच्या कचरा डेपोमुळे येत राहिलं, ही वेगळी रहस्यकथा!) तिथून तो प्रतापगडावर जातो, काश्मीरला जातो, चक्रीवादळात सापडतो, पण राहतो फुरसुंगीचाच.

आणि इथेच माझी खरी तक्रार सुरू होते. धुळे ते जळगाव हा रस्ता मी एसटीने कितीदा केलाय, मोजलेलं नाही. पारोळा, एरंडोल, सगळे थांबे तोंडपाठ. या रस्त्यावर फेणे एकदाही उतरला नाही. बरं, फेणे राहू दे, दुसरा कोणी? सत्यजित राय यांचा फेलूदा बघा. राय हे पण भागवतांच्याच जातकुळीचे. आजोबांनी १९१३ मध्ये सुरू केलेलं 'संदेश' हे मुलांचं मासिक त्यांनी १९६१ मध्ये पुन्हा चालू केलं, आणि १९६५ मध्ये त्याच मासिकात फेलूदा जन्मला. म्हणजे इथेही मासिकाच्या पोटातूनच डिटेक्टिव्ह निघाला. या फेलूदाला रायांनी १९७३ च्या एका कादंबरीत मूर्तिचोरांच्या मागावर थेट वेरूळला आणलं. कुठे कलकत्ता, कुठे वेरूळ! आपल्याला चाळीसगावहून औट्रम घाट चढला, कन्नड ओलांडलं की वेरूळ. बंगाली माणूस येऊन आपल्या शेजारचं रहस्य लिहून गेला, आणि आपण त्याची मराठी पुस्तकं वाचतोय, तीही अशोक जैन यांनी अनुवाद केला म्हणून.

खान्देशात मसाला नाही म्हणावं तर तसंही नाही. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव फिरून जुन्या दप्तरांचा माग काढायचे. मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे २२ खंड त्यातून उभे राहिले. हे डिटेक्टिव्हचं काम नव्हे तर काय! ते १९२६ च्या शेवटच्या दिवशी धुळ्यातच गेले आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ धुळ्यात उभं राहिलं. कागद तपासून एखादा बनावट दस्तऐवज पकडणारी हुशार मुलगी तिथे बसवा, झाली की सुरुवात. चाळीसगावजवळच्या पाटणचा शिलालेख घ्या. १८६५ मध्ये डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ स्थापला, असं त्यात कोरलंय. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी आपल्या जिल्ह्यात गणिताचं कॉलेज होतं. आणि एरंडोल तालुक्यातले फरकांड्याचे झुलते मनोरे? एक हलवला की दुसरा हलायचा, अशी त्यांची ख्याती. व्हायब्रेशनचा पेपर देणाऱ्या मेकॅनिकल आणि सिव्हिलवाल्यांनी यावर गोष्ट लिहायची नाही तर कोणी? शिवाय भुसावळ जंक्शन आहे, रात्री केळी भरून निघणारे ट्रक आहेत.

भाषा तर आयती आहे. "काय करी ऱ्हायना भाऊ?" म्हणणारा धुळे-साक्रीकडचा आणि "काय करून राह्यला?" म्हणणारा यावल-रावेरकडचा, हे आपल्या हॉस्टेलवर पहिल्याच आठवड्यात कळतं. होम्स चिखलावरून माणूस कुठला ते ओळखायचा. आपल्याला चिखलाचीही गरज नाही, फोनवरचं एक वाक्य पुरे. अहिराणीतला एकच शब्द चुकला म्हणून पकडला गेलेला तोतया, अशी गोष्ट खान्देशी माणसाशिवाय कोणाला सुचणार?

काही सर म्हणतील, आधी सबमिशन पूर्ण करा, मग कादंबऱ्या लिहा. बरोबर आहे. आणि रहस्यकथा वाचून कॅम्पसमध्ये सिलेक्शन होत नाही, हेही मला मान्य. पण रात्री अकराला मेसचं गेट बंद झाल्यावर आपण मोबाइलवर जे बघत बसतो त्याने तरी कुठे होतं! शंभर पानांची गोष्ट एका बैठकीत संपते, आणि ती संपवणारा दुसऱ्या दिवशी दुसरी मागतो. कॉन्व्हेंटवाल्यांचा मराठीचा दम याच वाटेने वाढतो. माझा तसाच वाढला. अकरावीच्या सुट्टीत धुळ्याला शेजारच्या काकूंकडे 'गुलमर्गचे गूढ आणि फास्टर फेणे' मिळालं. सुरुवातीला जोडाक्षरांवर अडखळत होते, नंतर अडखळायला वेळच राहिला नाही. नेमाड्यांकडे मी त्यानंतर गेले. ('कोसला'वर या अंकात दरवर्षी एक लेख असतोच, म्हणून इथे थांबते.)

तेव्हा लायब्ररी कमिटीला विनंती अशी. यंदाच्या खरेदीत फेणेचे वीसच्या वीस भाग घ्यावेत, फेलूदा घ्यावा, भागवतांचा व्हर्न मिळेल तेवढा घ्यावा. आणि ही पुस्तकं काचेच्या कुलूपबंद कपाटात न ठेवता दोन्ही हॉस्टेलच्या रीडिंग रूममध्ये उघड्यावर ठेवावीत. फाटली तर फाटू द्या, वाचून फाटलेलं पुस्तक मी स्वतः चिकटवून देईन. संपादक मंडळालाही सांगणं आहे. पुढच्या अंकात सहा पानं खान्देशात घडणाऱ्या रहस्यकथेसाठी राखून ठेवा. तीन ब्रँचच्या तिघांनी मिळून लिहिली तरी चालेल, स्ट्रेटमायरचा कारखाना आठवा.

सेट आला तर पहिला नंबर माझा नाही. आमच्या मेसच्या मावशींचा मुलगा सातवीत आहे. माझ्याकडचे दोन फेणे त्याने चार दिवसांत संपवले आणि तिसऱ्यासाठी तो रोज संध्याकाळी गेटवर येऊन ट्टॉक करून जातो.